आकृतीला सगळे मान डोलावतात, तरी सॉफ्टवेअर चुकतंच: कुठे कोणती आकृती काढायची

जिनिंग, शेतकरी उत्पादक कंपनी, बाजार समितीतली अडत, दूध संकलन. तालुक्याच्या गावी असल्या कामांचं सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांकडे एकच तक्रार फिरून फिरून येते. बैठक झाली, प्रोजेक्टरवर कामाची चौकटी-बाणांची आकृती दाखवली, मुनीम, ग्रेडर, काट्यावरचा माणूस आणि संचालक सगळे "हो, बरोबर आहे" म्हणाले. सीझन लागला, दोन कास्तकारांचा कापूस एकाच गाडीत आला आणि पावतीच निघेना. मग एका बाजूने "आम्ही तर सांगितलं होतं" आणि दुसऱ्या बाजूने "आकृती तुम्हीच मंजूर केली होती".

यात खोटं कोणीच बोलत नसतं. आकृतीची जातच चुकलेली असते. ज्या आकृतीत मुनीमाला चूक सापडूच शकत नाही, तिला त्याने दिलेला होकार हा चहा येईपर्यंतचा होकार असतो.

म्हणून आधी एक चाचणी. आकृतीत मुद्दाम एक ठळक चूक घाला आणि ज्याच्यासाठी ती काढली त्याच्यापुढे ठेवा. दोन मिनिटांत त्याने ती पकडली नाही तर आकृतीचा प्रकार बदला. माणसाला समजावत बसू नका. यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची प्रमाण पद्धत; तिच्या २.५ आवृत्तीत आकृत्यांचे १४ प्रकार आहेत. आपल्या कामाला त्यातले दोन-तीन पुरतात, आणि उपयोगी पडणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी यूएमएलमध्ये नाहीतच. खालची उदाहरणं कापूस खरेदीची घेतली आहेत. तूर-सोयाबीनला किंवा वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याला तीच पद्धत चालते, फक्त शब्द बदलतात.

लक्षण: क्लास डायग्राम मंजूर, पण पहिल्याच आठवड्यात डेटाबेसचं टेबल बदलावं लागलं

कारण सरळ आहे. क्लास डायग्राम, म्हणजे वस्तूंचे प्रकार, त्यांचे रकाने आणि आपसातली नाती दाखवणारी आकृती, "कोणतीही गाडी", "कोणतीही पावती" याबद्दल बोलतो. मुनीम आयुष्यभर "ही गाडी", "ही पावती" हाताळत आलेला असतो. त्याला सर्वसाधारण चौकट दाखवली की तो तिच्यात आपली नेहमीची, सोपी गाडी बसवून पाहतो. ती बसते, आणि तो हो म्हणतो.

उपाय म्हणजे ऑब्जेक्ट डायग्राम. तीच चौकट, पण आत खरे आकडे. गेल्या सीझनच्या पावतीपुस्तकातून तीन पावत्या निवडा: एक साधी, एक वादाची आणि एक रद्द झालेली. तिसरी कोणी आपणहून देत नाही, मागून घ्यावी लागते. नावं झाका, आकडे तसेच ठेवा.

समजा प्रोग्रामरच्या डोक्यात "गाडी" या चौकटीत भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन असे तीन रकाने आहेत. वादाच्या पावतीचे आकडे त्यात भरा. भरलेली ३,४६० किलो, रिकामी १,८४० किलो, निव्वळ १,६२० किलो. गाडीत माल दोघांचा. पहिल्याचा किती? आकृतीत उत्तर नाही. इथे काट्यावरचा माणूस लगेच बोलतो: "काटा तं तीनदा झाला न भाऊ. मधातला कुठी गेला?" पहिल्याचा माल उतरवल्यावर गाडी पुन्हा काट्यावर चढली आणि २,७१० भरली. म्हणजे पहिल्याचे ७५० किलो, दुसऱ्याचे ८७०, बेरीज १,६२०.

या एका वाक्याने मॉडेल बदलतं. "काटा" हा गाडीचा रकाना राहत नाही, ती स्वतंत्र चौकट होते. एका गाडीला काटे दोन, तीन, चार, कितीही. प्रत्येक कास्तकाराचा माल म्हणजे लागोपाठच्या दोन काट्यांमधला फरक. आता त्याच आकृतीत भाव भरा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यावर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. पहिल्याचा ओलावा ११ टक्के निघाला तर भाव ७,८६६.७० आणि ७.५ क्विंटलचे ५९,०००.२५ रुपये. दुसऱ्याचा ८ टक्के, म्हणजे ८.७ क्विंटलचे ७०,५५७. ओलावा आणि भाव गाडीच्या चौकटीत लिहिलेले असतील तर दोघांपैकी एकाचा हिशेब चुकणारच. ते "मालाच्या" चौकटीत गेले पाहिजेत, हे आकडे भरल्याबरोबर दिसतं. समजावून सांगावं लागत नाही.

तीन पावत्यांच्या तीन आकृत्या झाल्या की मगच क्लास डायग्राम काढा, आणि तो प्रोग्रामरांपुरता ठेवा. उलट क्रमाने करू नका. आधी क्लास डायग्राम काढला की त्यात बसतील अशाच पावत्या निवडायचा मोह होतो.

लक्षण: "शेतकरी" या एका चौकटीवरून रोज भांडण

इथे क्लास डायग्रामच लागतो, पण चौकटीपेक्षा रेषेच्या टोकावरच्या संख्येकडे बघा. या संख्येच्या वरच्या मर्यादेबद्दल (एक की अनेक) सगळे विचारतात. बहुतेक चुका खालच्या मर्यादेत असतात: शून्य चालतं, की एक असायलाच हवा?

प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी मराठी वाक्य करून मोठ्याने वाचा. "एका सातबाऱ्यावर एकच खातेदार असतो." लगेच हशा पिकेल, सामाईक सातबारे कुठल्या गावात नाहीत? "प्रत्येक कास्तकाराच्या नावावर सातबारा असतोच." बटईने किंवा मक्त्याने करणाऱ्याच्या नावावर नसतो. "माल आणणारा आणि पैसे घेणारा एकच." जमीन आजोबांच्या नावावर, पेरणी नातवाची, गाडी शेजाऱ्याची आणि बँक खातं आईचं, हे तर नेहमीचंच.

अशी तीन वाक्यं वाचली की "शेतकरी" ही चौकट फुटते: खातेदार, पेरणारा, माल आणणारा, रक्कम घेणारा. कधी चारही भूमिका एकाच माणसाच्या, कधी चौघांच्या. सरकारी खरेदीत नोंदणी, सातबारा आणि आधारशी जोडलेलं खातं यांचा मेळ घालावा लागतो. खासगी व्यापाऱ्याला सातबाऱ्याशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणून "सातबारा असायलाच हवा" ही खालची संख्या खरेदीच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि ते रेषेवरच्या आकड्याने सांगता येत नाही. शेजारी टीप लिहा. आकृतीत वाक्य लिहायला लाजू नये.

मुनीमाला ही आकृती दाखवायची वेळ आलीच तर पोकळ त्रिकोण, भरलेला हिरा, पोकळ हिरा ही क्लास डायग्रामची चिन्हं तिच्यातून काढून टाका. त्रिकोणाचा बाण वर गेलेला पाहून माल तिकडे चालला असंच वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

लक्षण: शब्द एकच, पण काट्यावर एक अर्थ, हिशेबात दुसरा, जिनात तिसरा

"काटा" म्हणजे यंत्र, वजन करण्याची क्रिया आणि हातात पडलेली चिठ्ठी, तिन्ही. "गाडी" म्हणजे आवारात वाहन, पण हिशेबात "आज चाळीस गाड्या झाल्या" म्हणजे चाळीस व्यवहार. हे वाद क्लास डायग्रामवर मिटत नाहीत, कारण क्लास डायग्राम एका शब्दाला एकच चौकट द्यायला लावतो. मग कोणीतरी त्या चौकटीत तिन्ही अर्थांचे मिळून पंचवीस रकाने कोंबतो.

इथे कॉन्टेक्स्ट मॅप काढा. एका शब्दाचा अर्थ जिथवर तोच राहतो तिथवर एक कुंपण घालायचं. या कुंपणाला बाउंडेड कॉन्टेक्स्ट म्हणतात; ही कल्पना एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये मांडली. मराठीत तिला शेताचा धुरा म्हटलं तरी चालेल: धुऱ्याच्या अलीकडे एकाचं, पलीकडे दुसऱ्याचं, आणि वाद नेमके धुऱ्यावर होतात.

कापसात तीन-चार कुंपणं पुरतात: आवक आणि काटा, प्रत आणि भाव, देणं (बँकेचं काम), जिनिंग-प्रेसिंग. प्रत्येक कुंपणात तिथले आठ-दहा शब्द लिहा. जो शब्द दोन कुंपणांत आला त्याला लाल गोल करा. पुढचं सगळं काम त्या लाल गोलांवर.

सगळ्यात महत्त्वाचा धुरा गंजीचा, म्हणजे आवारातल्या कापसाच्या ढिगाचा असतो. कास्तकाराचा माल गंजीत पडला की त्याचं नाव संपतं. दहा जणांचा कापूस एकत्र होतो. तिथून पुढे जिनिंग मोजतं ते रुई, सरकी आणि गठाणी. साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलोंची एक गठाण निघते, पण ती अमुक कास्तकाराची असं म्हणता येत नाही. म्हणजे "माल" आणि "गठाण" यांच्यामध्ये थेट रेष ओढलेली आकृती दिसली की ती चूक समजा. रेष गंजीतून जाते, आणि गंजीला लागण्याची व उचलण्याची तारीख असते. गठाणीवरून कास्तकारापर्यंत मागे जाणारा रिपोर्ट संचालकांनी मागितला तर आकृती दाखवून सांगा: गंज्या वेगळ्या लावल्या तरच तो निघेल. तो निर्णय आवाराचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो घेता येत नाही.

लक्षण: पावती रद्द झाली, पण पैसे गेले

ही स्थितीची गडबड आहे आणि तिला स्टेट डायग्राम लागतो, म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाण्याचे बाण दाखवणारी आकृती. अशा आकृत्यांची आजची घडण डेव्हिड हॅरेल यांच्या १९८७ च्या स्टेटचार्टवरून आली. आकृती काढायला सोपी, वाचायलाही सोपी. तिचा दोष एकच: तुम्ही विसरलेले बाण तिच्यात दिसत नाहीत. आठ-नऊ बाणांची आकृती पूर्ण झाल्यासारखी वाटते.

म्हणून बाण काढण्याआधी तक्ता आखा. उभ्या बाजूला स्थिती: नोंद झाली, काटा अर्धा (भरलेला झाला, रिकामा बाकी), काटा पूर्ण, पावती फाडली, पैसे पाठवले, पैसे जमा. आडव्या बाजूला घडामोडी: माल परत नेला, ओलावा पुन्हा मोजला, वजन दुरुस्त केलं, पावती रद्द, बँक खातं बदललं, बँकेतून रक्कम परत आली. सहा गुणिले सहा, छत्तीस घरं. प्रत्येक घरात तीनपैकी एक लिहा: नवी स्थिती, "चालत नाही", किंवा "विचारायचं". एकही घर कोरं ठेवायचं नाही. पहिल्या फेरीत "विचारायचं" असलेली घरं दहाच्या खाली असतील तर बहुधा कोणीतरी अंदाजाने भरली आहेत.

दोन घरं मुद्दाम पाहण्यासारखी. पहिलं: "पैसे पाठवले" आणि "पावती रद्द". बँकेकडे फाइल गेली आहे, खात्यात रक्कम पडलेली नाही. इथे पावती पुसायची नसते. उलट नोंद करायची आणि बँकेचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. म्हणजे "रद्द होण्याच्या वाटेवर" अशी सातवी स्थिती निघाली, तक्त्यात एक ओळ वाढली आणि आणखी सहा घरं भरायची आली.

दुसरं: "काटा अर्धा" आणि "माल परत नेला". वरचा कापूस कोरडा, खालचा ओला. ग्रेडरने अर्धी गाडी उतरल्यावर हात वर केले. आता गाडी काट्यावर चढेल तेव्हा ती रिकामी नसते, परत चाललेला माल तिच्यात असतो. "रिकामं वजन" असा रकाना ठेवलेला असेल तर त्यात खोटा आकडा जाईल. काट्यांची यादी असेल तर काहीच बिघडत नाही. पहिल्या लक्षणातला बदल इथे पुन्हा कामी येतो.

तक्ता भरल्यावर स्टेट डायग्राम काढा, आणि मुनीमाला तक्ता दाखवा. त्याला रकाने सवयीचे असतात.

लक्षण: प्रत्येक जण आपापलं काम बरोबर सांगतो, पण क्रम जुळत नाही

इथे चौकटी बाजूला ठेवा आणि भिंत वापरा. अल्बर्टो ब्रँडोलिनी यांनी रूढ केलेली इव्हेंट स्टॉर्मिंगची रीत: घडून गेलेल्या गोष्टी नारिंगी चिठ्ठ्यांवर भूतकाळात लिहायच्या ("गाडी आली", "ओलावा मोजला", "पावती फाडली") आणि डावीकडून उजवीकडे वेळेच्या क्रमाने चिकटवायच्या. हुकूम निळ्या चिठ्ठीवर, माणूस लहान पिवळ्यावर, अडलेली जागा लालवर.

तालुक्यात नारिंगी चिठ्ठ्यांचा पॅक बहुधा मिळत नाही, पिवळा-गुलाबी मिळतो. रंगासाठी अडू नका. एका रंगावर कोपऱ्यात खूण करा: घडामोडीला गोल, हुकुमाला त्रिकोण. चुना मारलेल्या भिंतीवर चिठ्ठी टिकत नाही, आणि कूलर चालू असेल तर अर्ध्या तासात सगळा सीझन जमिनीवर येतो. जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ, आठ फूट बाय चार फूट, खिळ्यांना टांगा आणि चिठ्ठीला वरून टेपचा तुकडा लावा. बॉलपेनाने लिहू नका, मार्कर घ्या. दोन मीटरवरून वाचता आलं पाहिजे.

जागा काट्याजवळची घ्या, संचालकांची केबिन नको. केबिनमध्ये बोलावलेला हमाल किंवा काटेवाला संचालकांच्या आधी बोलत नाही, आणि नेमकं त्यालाच माहीत असतं. पहिली चिठ्ठी त्याची, संचालकांची शेवटी. बारीक गोष्ट आहे, पण पद्धत बदलण्यापेक्षा हिचा फरक जास्त पडतो.

भिंतीवर एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघेच्या वर "घडलं कधी", खाली "कॉम्प्युटरमध्ये टाकलं कधी". लाईन गेल्यावर काट्याच्या वहीत हाताने नोंदी होतात आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चढवतात. वरची आणि खालची चिठ्ठी एकाच उभ्या ओळीत नसेल तिथे मॉडेलमध्ये दोन वेगळ्या वेळा लागतात. एकच वेळ ठेवली की रात्री बारानंतर चढवलेल्या नोंदीला दुसऱ्या दिवशीचा भाव लागतो, आणि सकाळी कास्तकार दारात.

किरकोळ, पण रोजच्या चुका

बाणाला नाव नसणं. एकाच आकृतीत एक बाण माल जातो म्हणून, दुसरा पैसे जातात म्हणून आणि तिसरा "याला त्याची गरज आहे" म्हणून काढलेला असतो. प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा: उतरवतो, मोजतो, पाठवतो. क्रियापद सुचत नसेल तर बाण पुसा.

डेटाबेसची आकृती डोमेन मॉडेल (धंद्यातल्या गोष्टींचा नकाशा) म्हणून दाखवणं. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ईआर (वस्तू आणि त्यांची नाती) पद्धत मुळात अर्थाच्याच पातळीवरची आहे. पण टूलने तयार टेबलांवरून काढलेली आकृती म्हणजे नुसती टेबलं. ओळखायची खूण सोपी: चर्चा "हा रकाना किती अक्षरांचा" इथे गेली की आकृती बंद करा.

चाळीस चौकटींची आकृती. एका पानावर एक प्रश्न आणि दहाच्या आत चौकटी. मोठी आकृती लहान अक्षरात छापून प्रश्न सुटत नाही. तालुक्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे ए३ मिळतो. त्याहून मोठ्यासाठी जिल्ह्याला जावं लागतं. ए३ वर अक्षर १८ पॉइंटच्या खाली जात असेल तर चौकटी जास्त झाल्या.

मोडलेली मराठी. प्लांटयूएमएलमधून (लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढणारं टूल) चित्र काढताना देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट द्या (नोटो सान्स देवनागरी चालतो), नाहीतर वेलांट्या सुटतात किंवा नुसते चौकोन येतात. मर्मेड या तशाच टूलमध्ये चौकटीचं अंतर्गत नाव रोमन ठेवा आणि दिसणारं मराठी अवतरणचिन्हांत लिहा. झेरॉक्सवाल्याकडे एसव्हीजी फाइल नेऊ नका. त्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ किंवा ३०० डीपीआयची पीएनजी न्या. ऑफिसातला जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर थेट चिकटवू नका, आधी युनिकोड करून घ्या.

जुनी आकृती. कोडसोबत गिटमध्ये (आवृत्त्या सांभाळणारं टूल) फक्त दोन गोष्टी सांभाळा: स्थितींचा तक्ता आणि कुंपणांचा नकाशा. ऑब्जेक्ट डायग्राममधल्या तीन पावत्या टेस्ट म्हणून लिहा. ३,४६०, २,७१०, १,८४० घातले की ७५० आणि ८७० आलेच पाहिजेत. बाकी आकृत्यांच्या कोपऱ्यात तारीख आणि प्रश्न लिहा, प्रश्न मिटला की फाडा. काट्याच्या खोलीत गेल्या सीझनची आकृती टांगलेली असेल तर नवी लावण्याआधी ती उतरवा. सीझनपुरता आलेला नवा पोरगा तीच खरी धरून चालतो.